ऑनबोर्ड ग्राफिक्स की स्वतंत्र कार्ड? स्वतःच्या कामावर तुलना कशी करावी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या छोट्या डिझाइन ऑफिसात फाउंड्रीला लागणाऱ्या पॅटर्नची आणि कास्टिंगची थ्री-डी मॉडेले तयार होतात. धाकटा भाऊ लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो आणि त्याचे एडिटिंग त्याच ऑफिसातील दुसऱ्या संगणकावर चालते. दोन्ही संगणक नव्याने घ्यायची वेळ आली तेव्हा राजारामपुरी आणि शाहूपुरीतील दुकानांत मी एकच प्रश्न घेऊन फिरलो: ऑनबोर्डवर भागेल, की कार्ड टाकावे लागेल? एका ठिकाणी कार्डाशिवाय थ्री-डीचे नावच काढू नका असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी हल्लीच्या प्रोसेसरमध्ये सगळे येते, कार्डावर पैसे घालवू नका असा सल्ला मिळाला. आमचे काम कोणते, फाइल केवढी असते, कॅमेरा कोणता आहे, हे मात्र कोणीही विचारले नाही, आणि त्यावेळी ते आपण होऊन सांगायला हवे हे मलाही कळत नव्हते.

पुढचे काही महिने मोजमाप करण्यात, चुका करण्यात आणि त्या दुरुस्त करण्यात गेले. पहिल्यांदाच संगणक किंवा लॅपटॉप घेणाऱ्याला, विशेषतः इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला, हुपरीतील चांदीच्या दागिन्यांचे डिझाइन संगणकावर करणाऱ्याला किंवा एडिटिंगचा व्यवसाय सुरू करणाऱ्याला तो त्रास पुन्हा होऊ नये, यासाठी हा लेख क्रमाने लिहिला आहे. ग्राफिक्स म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग. अंगभूत ग्राफिक्स (दुकानात ज्याला ऑनबोर्ड म्हणतात ते) आणि वेगळे विकत घेऊन बसवायचे स्वतंत्र कार्ड यांची तुलना खोक्यावरील नावांवरून होत नाही. ती एकाच यंत्रावर, एकाच कामाला लावून, दोन्ही प्रकारे मोजावी लागते.

लागणारी साधने आणि कागदपत्रे

- संगणकाचे बिल, किंवा विकत घेण्याआधी दुकानदाराने दिलेले कोटेशन. त्यात प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड आणि एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) यांची पूर्ण मॉडेल नावे असली पाहिजेत.
- सीपीयू-झेड, जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो. संगणकातील भागांची नेमकी माहिती दाखवणारी ही तिन्ही सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी मोफत मिळतात.
- एमएसआय आफ्टरबर्नर. पडद्यावर दर सेकंदाच्या फ्रेम (सेकंदाला किती चित्रे येतात तो आकडा) दाखवण्यासाठी त्याच्यासोबत येणारे रिव्हाट्यूनरही बसवावे.
- ग्राफिक्सचा वेग मोजून गुणांक देणारे सॉफ्टवेअर: थ्रीडीमार्कची मोफत आवृत्ती किंवा युनिजाइन सुपरपोझिशन.
- तुमच्या नेहमीच्या कामातील खरी फाइल: एक मोठी असेंब्ली (अनेक सुटे भाग जोडलेले थ्री-डी मॉडेल), पाच मिनिटांचे एडिटिंग किंवा तुम्ही खरोखर खेळता तो गेम.
- वही आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच.

१. आपल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का, ते आधी पाहा

'ऑनबोर्ड' हा शब्द दुकानांत अजूनही रूढ आहे, पण त्यामागची वस्तुस्थिती बदललेली आहे. पूर्वी हे ग्राफिक्स मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे. इंटेलने २०१० मध्ये ते प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणले आणि २०११ मधील सँडी ब्रिज पिढीपासून ते प्रोसेसरच्याच चिपवर आले. त्यामुळे मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचे पोर्ट दिसते म्हणून ग्राफिक्स आहे, असे समजू नका. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर त्या पोर्टमधून काहीही येणार नाही.

इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असेल, उदाहरणार्थ कोअर आय५ १२४००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नाही. साध्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० हे अंगभूत ग्राफिक्स असते. एएमडीच्या रायझन ५०००च्या डेस्कटॉप मालिकेत नेमके उलटे आहे. तेथे ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही आणि ५६००जी मध्ये व्हेगा ग्राफिक्स आहे. रायझन ७०००च्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये लहानसे ग्राफिक्स असते, पण ते पडदा चालवण्यापुरतेच असल्याने त्यावर गेम किंवा थ्री-डी कामाची अपेक्षा ठेवू नये. खरोखर सक्षम अंगभूत ग्राफिक्स डेस्कटॉपवर हवे असेल तर ८६००जी किंवा ८७००जी यांसारखे 'जी' अक्षराचे प्रोसेसर पाहावेत.

जुना संगणक हाताशी असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स विभागात जा. तेथे 'जीपीयू ०', 'जीपीयू १' अशा नोंदी दिसतात (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). दोन नोंदी असतील तर तुमच्याकडे अंगभूत आणि स्वतंत्र असे दोन्ही ग्राफिक्स आहेत, म्हणजे काहीही विकत न घेता तुलना आजच सुरू करता येते.

२. खरा फरक मेमरीच्या वेगात आहे, हे समजून घ्या

नवख्या माणसाला वाटते की कार्ड म्हणजे मोठे इंजिन आणि अंगभूत म्हणजे लहान इंजिन. ते अर्धेच खरे आहे. इंजिनाला इंधन पुरवणारी नळी किती रुंद आहे, यावरही तितकेच अवलंबून असते, आणि अंगभूत ग्राफिक्सचा श्वास बहुतेक वेळा तेथेच कोंडतो.

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते संगणकाच्या रॅममधून जागा घेते आणि त्या रॅमकडे जाणारा रस्ता प्रोसेसरच्या कोअरसोबत वाटून घेते. तो रस्ता किती रुंद आहे, ते साध्या गुणाकाराने काढता येते. डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक (पट्टी) सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा, प्रत्येक वेळी ८ बाइट, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलमध्ये (रॅमकडे जाणाऱ्या स्वतंत्र मार्गांत) लावल्या की हा आकडा ५१.२ होतो. डीडीआर५-५६०० च्या दोन स्टिक असतील तर तो ८९.६ पर्यंत जातो.

आता स्वतंत्र कार्डांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. जीटी, जीटीएक्स आणि आरटीएक्स ही नावे एनव्हीडियाच्या कार्डांची, तर आरएक्स हे एएमडीच्या. जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या, साध्या कार्डाच्या जीडीडीआर५ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १२८ जीबी आहे. आरएक्स ६६०० ची २२४, आरटीएक्स ४०६० ची २७२ आणि १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ची ३६० आहे. शिवाय ही सगळी क्षमता एकट्या ग्राफिक्सची असते, त्यात प्रोसेसरचा वाटा नसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि पिढ्यांच्या रचना वेगळ्या असल्याने या आकड्यांवरून कामाचा वेग थेट सांगता येत नाही. तरीही एकाच रॅम स्टिकवर चालणारे अंगभूत ग्राफिक्स मोठ्या दृश्यात का अडखळते, हे २५.६ आणि २७२ या दोन संख्यांवरून पुरेसे कळते.

टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून जो आकडा दिसतो तो साधारणपणे एकूण रॅमच्या निम्मा असतो. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर '८ जीबी ग्राफिक्स' असे सांगून कोणी विकत असेल तर ही तीच सामाईक मेमरी आहे का, ते विचारून घ्या. कार्डावरची स्वतःची मेमरी आणि रॅममधून उसनी घेतलेली जागा यांचा आकडा सारखा दिसला, तरी वेग सारखा नसतो.

३. तुलनेपूर्वी अंगभूत ग्राफिक्सला त्याची पूर्ण संधी द्या

आमच्या पहिल्या संगणकात १६ जीबीची एकच स्टिक बसवून देण्यात आली होती. 'पुढे वाढवता येईल' असे कारण त्यावेळी देण्यात आले आणि ते मला पटलेही होते. मोठी असेंब्ली फिरवताना चित्र अडखळू लागल्यावर मी कार्ड घ्यायलाच निघालो होतो. त्याआधी तशीच दुसरी स्टिक लावून पाहिली, तेव्हा आमच्या मध्यम आकाराच्या मॉडेलांवरचे अडखळणे थांबले आणि त्या संगणकासाठी कार्ड घेण्याचा विचार मी सोडून दिला. अंगभूत ग्राफिक्स हळू आहे असे ठरवण्याआधी पुढील गोष्टी तपासल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत त्या अनुभवातून बनले आहे.

दोन सारख्या स्टिक वापरा. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसतात. खात्रीसाठी बोर्डाची पुस्तिका पाहा. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये लावल्यास रॅम दुप्पट दिसेल, पण चॅनेल एकच राहू शकते. सीपीयू-झेडच्या मेमरी विभागात चॅनेलची नोंद असते. डीडीआर४ असेल तर तेथे दोन चॅनेल दिसले पाहिजेत. डीडीआर५च्या एका स्टिकमध्येच ३२-बिटचे दोन उपचॅनेल असतात, त्यामुळे तेथे '४ x ३२-बिट' दिसले तरच दोन स्टिक योग्य रीतीने लागल्या आहेत असे समजा.

त्यानंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावरील एक्सपो प्रोफाइल चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर खोक्यावर ३२०० लिहिलेली रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहू शकते, आणि याचा फटका प्रोसेसरपेक्षा अंगभूत ग्राफिक्सला अधिक बसतो. बायोसमध्येच ग्राफिक्ससाठी रॅम राखून ठेवण्याची सोय असते. ८ जीबी रॅममधून ४ जीबी राखून ठेवण्याची चूक करू नका. उरलेल्या ४ जीबीमध्ये विंडोज आणि तुमचे सॉफ्टवेअर दोन्ही गुदमरतात.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी इंटेल आयरिस एक्सईबाबत एक खूण लक्षात ठेवावी. या ग्राफिक्सला दोन चॅनेलची रॅम मिळाली नाही, तर विंडोजमध्ये त्याचे नाव आयरिस एक्सई असे न दिसता नुसते यूएचडी ग्राफिक्स असे दिसते. दुकानात डिव्हाइस मॅनेजर उघडून एवढे एक नाव वाचले तरी रॅम कशी लावली आहे ते कळते.

४. कार्डाच्या नावात दडलेले सापळे ओळखा

स्वतंत्र कार्ड म्हणजे ते वेगवान असणारच, हा समज सर्वांत महाग पडतो. एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डे विकली जातात आणि बिलावर ते नाव तेवढेच येते.

जीटी १०३० हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जीडीडीआर५ मेमरी असलेल्या आवृत्तीची क्षमता सेकंदाला ४८ जीबी आहे, तर त्याच नावाच्या डीडीआर४ आवृत्तीची सुमारे १६.८. म्हणजे दुसरी आवृत्ती डीडीआर४-३२०० च्या एका स्टिकपेक्षाही अरुंद रस्त्यावर चालते. रायझन ५६००जी मध्ये दोन स्टिक लावलेल्या असतील तर त्यावर असे कार्ड बसवून कामाचा वेग वाढण्याऐवजी कमीच होण्याची शक्यता आहे. जीटी ७१० आणि जीटी ७३० यांचीही हीच गत आहे. ही कार्डे ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरवर पडदा चालू करण्यासाठी उपयोगी आहेत, त्यापलीकडे नाहीत. आरटीएक्स ३०६० मध्येही १२ जीबीच्या आवृत्तीचा वेग ३६० आहे, पण ८ जीबीच्या आवृत्तीचा २४०. हा फरक केवळ मेमरीच्या आकाराचा नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी घेण्याआधी आपला मदरबोर्ड पाहा. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन वापरते. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते चालून जाते, पण ३.० च्या जुन्या बोर्डावर, विशेषतः त्याची ४ जीबी मेमरी भरली की, वेग बराच घसरतो. त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवण्याची, यंत्रणाही नाही, त्यामुळे एडिटिंगसाठी ते घेऊ नये.

लॅपटॉपमध्ये सापळा वॉटचा असतो. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधील कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवण्याची मुभा उत्पादकाला असते. दोन लॅपटॉपवर स्टिकर तेच, किंमत जवळपास तीच, आणि प्रत्यक्ष काम मात्र वेगळे, असे यामुळेच होते. घेण्यापूर्वी उत्पादकाच्या अधिकृत माहितीपत्रकात कार्डाची कमाल वॉट मर्यादा शोधा.

वापरलेले कार्ड घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी ते चालत्या संगणकात लावून जीपीयू-झेड उघडा. जुन्या कार्डाचे बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याचे प्रकार झालेले आहेत. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय ही कार्डे जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली गेली. अशी ओळखीची बनावट कार्डे जीपीयू-झेड 'फेक' असा शब्द नावाआधी लावून दाखवते. विक्रेता लावून दाखवायला तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवा.

५. चाचणीची तयारी करा

सर्वांत आधी मॉनिटरची केबल पाहा. कार्ड बसवल्यावर केबल कार्डाच्या मागील पोर्टमध्ये लागली पाहिजे. आमच्या दुसऱ्या संगणकावर कार्ड बसवून दिल्यानंतर केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्येच राहिली होती, आणि आठ दिवस आम्ही घेतलेली सगळी मोजमापे त्यामुळे निकामी ठरली. ही चूक फार वेळा होते. कॅबिनेटच्या मागे उभी रेघ असलेली पोर्टे मदरबोर्डची आणि त्याखाली आडव्या पट्टीतील पोर्टे कार्डाची, एवढे ओळखता आले की पुरे.

जुने ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या सॉफ्टवेअरने काढून टाका आणि नवे उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्या. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या क्रमाने गेल्यास प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी कोणते ग्राफिक्स वापरायचे ते ठरवता येते. 'पॉवर सेव्हिंग' म्हणजे बहुधा अंगभूत आणि 'हाय परफॉर्मन्स' म्हणजे स्वतंत्र. दोन्ही असलेल्या लॅपटॉपवर तुलना करण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. लॅपटॉप चार्जरला जोडलेलाच ठेवा, कारण बॅटरीवर दोन्हींचा वेग आवळला जातो.

दोन्ही चाचण्यांत पडद्याचे रिझोल्यूशन, चित्राचा दर्जा आणि रॅम तीच ठेवा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद करा, नाहीतर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना ६० हाच आकडा दिसेल. डीएलएसएस, एफएसआर आणि फ्रेम जनरेशन ही फ्रेमचा आकडा वाढवून दाखवणारी तंत्रे पहिल्या फेरीत बंदच असू द्या. ती उपयोगाची आहेत, पण एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद राहिली तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडील हवेच्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या शेडखालील ऑफिसात घेतलेली चाचणी आणि रात्री घेतलेली चाचणी यांची तुलना करू नका, कारण तापलेली चिप स्वतःचा वेग स्वतः कमी करते. पावसाळ्यात वीज मध्येच जाते किंवा दाब खालीवर होतो, तेव्हा यूपीएसशिवाय लांबलचक चाचणी लावून ठेवू नका.

६. आता मोजा, आणि वहीत लिहा

प्रत्येक चाचणी चार वेळा करा. पहिली फेरी सोडून द्या, कारण तिच्यात शेडर (चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्रॅम) तयार होणे, फाइल डिस्कवरून वाचणे असली कामे मिसळलेली असतात. उरलेल्या तीन आकड्यांतील मधला आकडा लिहा.

सुरुवात थ्रीडीमार्कपासून केली तर यंत्र ठीक चालते आहे की नाही ते कळते. त्यातील नाइट रेड ही चाचणी अंगभूत ग्राफिक्ससाठीच तयार केलेली आहे आणि टाइम स्पाय स्वतंत्र कार्डांसाठी. तुलना मात्र दोन्ही बाजूंना एकच चाचणी लावून करायची. या गुणांकावर मी स्वतः फार विसंबत नाही. तो आपल्यासारख्याच दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहण्यासाठी आणि काही बिघाड असल्यास शोधण्यासाठी चांगला आहे.

गेमसाठी सरासरी फ्रेमसोबत 'वन पर्सेंट लो' हा आकडा जरूर लिहा. सर्वांत हळू आलेल्या एक टक्का फ्रेमच्या वेळचा हा वेग असतो. समजा, एका बाजूला सरासरी ५२ आणि वन पर्सेंट लो १८ आला, तर दुसऱ्या बाजूला सरासरी ४८ आणि वन पर्सेंट लो ४० आला. सरासरी कमी असूनही दुसरे यंत्र हाताला सलग वाटेल, कारण सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत येते, पण १८ च्या वेगात तिला ५५ हून अधिक मिलिसेकंद लागतात आणि तो झटका डोळ्यांना जाणवतो. रॅमची एकच स्टिक असलेल्या अंगभूत ग्राफिक्सचा दोष सरासरीपेक्षा या आकड्यात अधिक उघडा पडतो.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे: तुमचे स्वतःचे काम. ते चालू असताना टास्क मॅनेजरमधील जीपीयूचे आलेख शेजारी उघडे ठेवा. तेथे 'थ्रीडी', 'व्हिडिओ डिकोड', 'कॉपी' असे वेगवेगळे आलेख असतात. काम हळू चालले आहे आणि थ्रीडीचा आलेख सतत ९५ टक्क्यांच्या वर आहे, तर ग्राफिक्स कमी पडते आहे. काम हळू आहे पण आलेख २० टक्क्यांवरच आहे, तर अडथळा दुसरीकडे आहे आणि महागडे कार्ड आणूनही फरक पडणार नाही. द्विमितीय ऑटोकॅडमध्ये हे नेहमी दिसते. त्यातील बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते, म्हणून नुसती ड्रॉइंगे करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका ऑफिसला मी कार्ड न घेण्याचाच सल्ला दिला.

थ्री-डी कॅडमध्ये मोठी असेंब्ली उघडून ती ठरावीक वेळ फिरवा आणि फ्रेमचा आकडा पाहा. फाइल उघडायला लागणारा वेळ यात मोजू नका. तो प्रोसेसर आणि एसएसडीचा भाग आहे. सॉलिडवर्क्सची निर्माती कंपनी तपासलेल्या कार्डांची आणि ड्रायव्हरची यादी प्रसिद्ध करते. गेमिंगचे कार्ड त्या यादीत सापडत नसेल तर काही दृश्यसुविधा उपलब्ध होत नाहीत, हे पैसे गुंतवण्यापूर्वी माहीत असावे.

ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये एक गफलत सहज होते. प्रेफरन्सेसमधील सिस्टिम विभागात रेंडरसाठी (मॉडेलपासून अंतिम चित्र तयार करण्यासाठी) कोणते उपकरण निवडले आहे ते पाहा. तेथे अंगभूत ग्राफिक्स दिसत नसेल किंवा निवडलेले नसेल, तर सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनाचे काम प्रोसेसरवर चालते आणि तुम्ही अंगभूत ग्राफिक्सचा वेग मोजतो आहोत असे समजून प्रत्यक्षात प्रोसेसरचा मोजत असता. रेंडरसाठी स्वतंत्र कार्डाचा फायदा इतका मोठा असतो की, हे काम रोजचे असेल तर माझ्या मते फार मोजत बसण्याची गरज नाही.

व्हिडिओ एडिटिंगचे उत्तर मात्र मला अनपेक्षित होते. भावाचा कॅमेरा एचईव्हीसी या आवळलेल्या व्हिडिओ प्रकारात, १०-बिट ४:२:२ या अधिक तपशीलवार रंगनोंदीसह चित्रीकरण करतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमधील आणि बाराव्या पिढीच्या आमच्या डेस्कटॉपमधील अंगभूत ग्राफिक्स ही फाइल क्विक सिंक या इंटेलच्या व्हिडिओ यंत्रणेच्या साहाय्याने हार्डवेअरवर उलगडू शकते. एनव्हीडियाच्या कार्डांना मात्र ४:२:२ ची ही क्षमता २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. म्हणजे अशा फाइलच्या बाबतीत आरटीएक्स ३०६० सारखे सशक्त कार्ड जे करू शकत नाही, ते प्रोसेसरमधील लहानसे ग्राफिक्स करते. रंगसंस्करण, इफेक्ट आणि नॉइज कमी करणे ही कामे कार्डाचीच. पण टाइमलाइन सुरळीत चालण्यासाठी अंगभूत ग्राफिक्सही हवे. त्यामुळे लग्नाचे एडिटिंग करणाऱ्याने चार पैसे वाचवण्यासाठी 'एफ' अक्षराचा प्रोसेसर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते बायोसमधून पुन्हा चालू करावे लागते.

७. वीज आणि एसएमपीएस यांचा हिशेब करा

रायझन ५६००जी मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही मिळून ६५ वॉटच्या वर्गात बसतात. आरटीएक्स ४०६० एकटे ११५ वॉट, आरएक्स ६६०० १३२ वॉट आणि आरटीएक्स ३०६० १७० वॉट घेते. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देतो. त्याहून अधिक लागल्यास एसएमपीएसमधून वेगळी सहा किंवा आठ पिनची केबल यावी लागते. स्वस्त कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या एसएमपीएसमध्ये ही केबल अनेकदा नसते. जोडणीचा अडॅप्टर घालून काम भागवू नका, चांगल्या प्रतीचा एसएमपीएस घ्या.

जास्तीचे १०० वॉट दिवसाला आठ तास चालले तर महिन्याला २४ युनिट होतात. महावितरणच्या बिलावरील आपल्या दराने त्याला गुणून पाहा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो, म्हणून कार्ड घेताना यूपीएसची क्षमताही पाहावी लागते.

८. खरेदीचा क्रम असा ठेवा

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हा क्रम सुचवतो. आधी सक्षम अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, दोन स्टिकची रॅम आणि पुढे कार्ड पेलेल असा एसएमपीएस घ्या. महिनाभर त्यावर प्रत्यक्ष काम करा आणि वरील मोजमाप वहीत लिहा. नंतर एखाद्या मित्राचे कार्ड दोन दिवसांसाठी आणा, किंवा आपली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि कार्ड असलेल्या यंत्रावर ती चालवून पाहू द्या अशी विनंती करा. शांतपणे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत; फक्त गर्दीची संध्याकाळ टाळा. लॅपटॉपमध्ये मागाहून कार्ड घालता येत नाही, त्यामुळे तेथे ही चाचणी खरेदीपूर्वीच करावी लागते.

कार्ड घ्यायचे ठरले तर जीएसटीच्या पक्क्या बिलावर कार्डाचे पूर्ण मॉडेल नाव, मेमरीचा आकार आणि प्रकार, तसेच अनुक्रमांक लिहून घ्या. नुसते 'ग्राफिक्स कार्ड ४ जीबी' असे लिहिलेले बिल स्वीकारू नका. खोक्यावरील, कार्डावरील आणि बिलावरील अनुक्रमांक दुकानातच जुळवा, त्यांचा फोटो काढा आणि वॉरंटी कंपनीकडून किती वर्षांची आहे व कार्ड दुरुस्तीला कोठे द्यावे लागेल, ते त्याच वेळी विचारून बिलाच्या मागे लिहा. घरी आल्यावर कार्ड बसवा, केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावा, जीपीयू-झेडमधील नाव आणि मेमरीचा प्रकार बिलाशी ताडून पाहा आणि मग वहीतील तीच चाचणी त्याच फाइलवर पुन्हा चालवा.